मॅडम, लागवडीचे पैसे कुठं धरले?

ठिकाण : नाशिक जिल्ह्यात निफाड-येवला पट्ट्यातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिली-दुसरी मोठ्या सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या दोन्ही वर्गांचा मिळून पट एकोणीस. काळ : ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२४. मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, लग्नानंतर आंतरजिल्हा बदलीनं इकडे आलेली. कांदा बाजारातून पिशवीत येतो, यापलीकडे मला कांद्याबद्दल काही माहीत नव्हतं. हे वाक्य पार्श्वभूमीत टाकलंय खरं, पण सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.

गप्प वर्ग

वर्ग दंगेखोर असता तर बरं, असं मला वाटायचं. ही मुलं शांत होती. बस म्हटलं की बसायची, लिहा म्हटलं की लिहायची. प्रश्न विचारला की तेच तीन हात वर. बाकीचे पाटीकडे, नाहीतर खिडकीकडे. भेटीला आलेल्या साहेबांनी शेरेबहीत ‘वर्गशिस्त उत्तम’ असं लिहिलं, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मधल्या सुट्टीत हीच मुलं चिंचेखाली एवढी बोलायची की शेजारच्या वस्तीवरची आजी ओरडायची. म्हणजे बोलता येत नाही असं नव्हतं. घंटा झाली की बोलणं दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवल्यासारखी आत यायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी मोबाइल टेबलावर ठेवून परिसर अभ्यासाचा एक तास ध्वनिमुद्रित केला. मुलांचं काय चुकतंय ते ऐकायचं होतं. रात्री भांडी आवरून ऐकायला बसले. त्यातला एक तुकडा जसाच्या तसा देते.

मी : पाणी आपल्याला कशासाठी लागतं?
(गप्प.)
मी : पि…?
वर्ग : पिण्यासाठी!
मी : शाब्बास. आणि आं…?
वर्ग : आंघोळीसाठी!
मी : छान. आणि शे…?
वर्ग : शेतीसाठी!

वीस मिनिटं हेच. पहिलं अक्षर मी द्यायचं, उरलेला शब्द त्यांनी पुरा करायचा. ‘गप्प’ लिहिलंय ती शांतता मी घड्याळ लावून मोजली. सेकंदभरसुद्धा नव्हती. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं : शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. एका प्रशिक्षणात हे ऐकलं होतं, वहीत उतरवूनही घेतलं होतं. वही कपाटात गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी थांबायला लागले. मनात एक-दोन-तीन म्हणायचे. फरक पडला, पण फार नाही. तीन सेकंद शांतता आणि मग तेच तीन हात. तेव्हा लक्षात आलं की दुखणं निराळंच आहे. मी विचारत होते त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे मुलांनाही माहीत होतं. घरात कुणी उठून ‘पाणी कशाला लागतं गं?’ असं विचारलं तर आपण त्याच्याकडे कसं बघू? मुलं माझ्याकडे तसंच बघत होती, फक्त आदरानं.

कोंब

१९ ऑगस्टला केंद्र सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि सोमवारपासून बाजार समित्यांतले लिलाव बंद पडले. लासलगावसारखा बाजार बंद म्हणजे इथे घराघरात त्याशिवाय दुसरा विषय नाही. त्या आठवड्यात वर्गात कुजबुज होती. मी दोनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा मलाच कंटाळा आला आणि मी फळ्याकडे पाठ करून विचारलं, “हे बघा, मला खरंच कळत नाही म्हणून विचारते. माझ्या घरी टोपलीतल्या कांद्यांना कोंब आलेत. आणि तुम्ही म्हणता कांदे साठवायच्या चाळीत मे महिन्यापासून कांदा पडून आहे. त्याला कसे कोंब येत नाहीत?”

तीन सेकंद थांबावं लागलं नाही. शेवटच्या रांगेतला एक मुलगा, ज्यानं जूनपासून हजेरीशिवाय तोंड उघडलं नव्हतं, बसल्या जागेवरून म्हणाला, “मॅडम, तुम्ही कांदा पिशवीतच ठेवला आसंल.”

ठेवला होताच. पिशवीसकट टोपलीत.

“त्याला हवा लागती. घामेजला का मंग कोंब येतो नाहीतर सडतो. एक सडला का शेजारच्याला लागतं.”

मग तो उठून पुढे आला, न सांगता. खडूचा रिकामा खोका घेतला, त्याखाली चार डस्टर-पट्ट्या रचल्या आणि चाळ उभी केली. जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खालून वारा खेळला पाहिजे. बाजूच्या पट्ट्यांमध्ये फटी. रुंदी चार फुटांच्या आसपास, कारण त्याहून रुंद केली तर मधल्या कांद्यापर्यंत वारा पोचत नाही. ढीग आपल्या छातीएवढा, त्याच्यावर गेला तर तळातला कांदा दबतो. “आणि भरायच्या आधी सावलीत वाळवायचा, मान बारीक झाली पाहिजे त्याची.” मान म्हणजे पातीच्या बुडाचा भाग, हे मला दुसऱ्या मुलीनं सांगितलं.

मी म्हटलं, “म्हणजे हा उन्हाळ कांदा. उन्हाळ्यात लावतात तो.”

अख्खा वर्ग हसला. उन्हाळ कांदा थंडीत लावतात, डिसेंबर-जानेवारीत. उन्हाळ्यात काढतात. वर्गात पहिल्यांदाच कुणी माझ्यावर हसलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसं वाटलं. पुढचा अर्धा तास मी विचारत होते आणि ते सांगत होते. कुणाचंही पहिलं अक्षर मी दिलं नाही. देता आलंच नसतं.

भिंतीवरचा कोश

पुढे आठवडाभर शब्द जमवले. त्या वर्षी पाठ्यपुस्तकांमध्ये वहीची कोरी पानं घातली होती, वर ‘माझी नोंद’ असं छापलेलं. (ती पानं नंतर काढून टाकली. दप्तराचं ओझं कमी होण्यासाठी आणली होती, झालं होतं की नाही ते पालकांनाच विचारा.) बहुतेक शाळांत त्यावर प्रश्नोत्तरं लिहिली जात. आम्ही त्यावर कोश केला आणि मग तो मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला लावला. व्याख्या मुलांच्या.

गोल्टी : लिंबाएवढा कांदा. याचा भाव वेगळा लागतो.
चिंगळी : गोल्टीहून बारीक.
जोड : एका सालीत दोन. व्यापारी बाजूला काढतो, घरी भाजीला चालतो.
डेंगळा : ज्याच्या मधून दांडा आला तो. हा टिकत नाही.

‘गोल्टी’ की ‘गोलटी’ यावर दोन दिवस भांडण झालं. माझ्याकडच्या शालेय शब्दकोशात शब्द सापडेना. मुलांनी निकालासाठी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुम्ही म्हणता कसं ते हळू म्हणून बघा. एकोणीस तोंडं हळूहळू ‘गोल्… टी’ म्हणत होती, ओठांवर बोट ठेवून. अर्धा ल कुठे थांबतो ते त्यांना जिभेवर सापडलं. जोडाक्षरांचा पाठ मी आधी तीनदा घेतला होता. चौथ्यांदा घ्यावा लागला नाही, असं लिहायचा मोह होतो. लागला, पण त्यात आता त्यांना रस होता.

खडूच्या खोक्याची चाळ करणारा तो मुलगा वाचनात मागे होता. चौथीत असून जोडाक्षर आलं की अडायचा, अडला की पुस्तक मिटायचा. मोठे सर वर्तमानपत्र आणतात, त्यातला बाजारभावाचा चौकोन मी कापून भिंतीला लावायला लागले. एक दिवस तो त्यासमोर उभा राहून बोट फिरवत वाचत होता : आवक, क्विंटल, किमान, कमाल, सर्वसाधारण. ‘सर्वसाधारण’वर दोनदा अडखळला आणि तिसऱ्यांदा पार झाला. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या तिसरीतल्या पोरीनं विचारलं, “म्हणजे मधला भाव?”

“मधला नाय. जास्त ट्रॉल्या ज्या भावात गेल्या तो.”

किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोननं भागलं की सर्वसाधारण येत नाही, हे त्यांनी करूनही पाहिलं. खरंच येत नव्हतं. दोन-चार ट्रॉल्यांना चढा भाव मिळाला म्हणून बाजार चढा होत नाही. चौथीच्या पुस्तकात हे नाही. मला तरी कुठे नीट माहीत होतं?

इथे मी चुकले

दिवाळीच्या सुट्टीनंतर उत्साहाच्या भरात मी सांगितलं, “उद्या येताना प्रत्येकानं घरून कांद्याची एक पट्टी आणायची.” पट्टी म्हणजे माल विकल्यावर व्यापाऱ्याकडून मिळणारा हिशोबाचा कागद : वजन, भाव, हमाली-तोलाईची कपात, हाती आलेली रक्कम. गुणाकार, वजाबाकी, क्विंटल-किलो, सगळं एका कागदावर. गणिताचा यापेक्षा चांगला पाठ कुठला, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक वडील शाळेत आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “मॅडम, आमच्या पट्टीवर आधी घेतलेली उचल वळती केलेली आहे. पोरगं आज गावभर सांगत फिरू राहिलं का पप्पाच्या हातात चार हजारच आले. घरचे आकडे शाळेत कशाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर्जाचा आकडा भिंतीला लावायला निघालेली मी, मुलांना परिचित असं साहित्य आणल्याच्या खुशीत होते.

दुसरी चूक मला आणखी दोन दिवस दिसलीच नाही. एकोणीसपैकी पाच मुलांच्या घरी पट्टी येतच नाही, कारण शेत नाही. त्यातली चार गावातलीच, ती काही न बोलता शेजाऱ्याच्या पट्टीत डोकावून बसली. पाचवी मुलगी नोव्हेंबरअखेरीस आली होती. आईवडील सुरगाण्याकडून लागवडीच्या टोळीबरोबर आलेले, मळ्यात झोपडी, हातात शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलांना नव्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड. ती घरी कोकणी बोलायची, म्हणजे डोंगराकडच्या कोकणा लोकांची बोली. मुलांना याची फार गंमत वाटायची : मॅडम पण कोकणातल्या आणि ही पण कोकणी, मग दोघी एकमेकींशी का बोलत नाहीत? आम्हाला एकमेकींचं निम्मं कळत नव्हतं, म्हणून. पट्टी आणायला सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी हजेरीत ‘गैर’ मांडलं आणि लागवड चालू आहे, गेली असेल, असं धरून चालले.

खरं कारण चौथ्या दिवशी दुसऱ्या मुलीकडून कळलं. “तिच्याकं पट्टी नाय ना. तिला वाटलं तुम्ही मारसाल.”

डी.एड.ला असताना कोसबाडच्या कुरणशाळेवर पाच मार्कांची टीप मी तोंडपाठ केली होती. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. पाचपैकी साडेचार मिळाले होते. इतकी वर्षं मला त्या टिपेचा अर्थ ‘मुलांच्या परिसरातलं काहीतरी वर्गात आणा’ एवढाच वाटत आला. परिसर कुणाचा, हा प्रश्न टिपेत नव्हता, आणि मीही विचारला नाही. कांदा गावाचा होता. पण गावातल्या एकाच्या घरी तो ट्रॉलीत भरून जातो आणि दुसऱ्याच्या घरी पाठदुखी बनून येतो.

लागवड

पट्ट्या परत केल्या. मी स्वतः एक खोटी पट्टी बनवली, कुणाच्याच घरची नसलेली. लाल कांदा, वजन १२ क्विंटल ५० किलो, भाव ३,००० रुपये. त्या मुलीच्या झोपडीवर जाऊन तिला घेऊन आले. जाताना काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण भाषेची पंचाईत. शेवटी मी फक्त हात पुढे केला आणि ती आली.

साडेबारा गुणिले तीन हजार, सदतीस हजार पाचशे. फळ्यावर आकडा येताच मुलं खुश. हमाली-तोलाई वजा, गाडीभाडं वजा. मी म्हटलं, “हा झाला नफा?” नाही, नाही, खर्च राहिला. बी. खत. औषध. फवारणीचा पंप भाड्यानं. ठिबकच्या नळ्या दर वर्षी नव्या लागतात की नाही यावर वाद. मी सगळं फळ्यावर लिहीत होते. यादी खालपर्यंत पोचली.

“मॅडम, लागवडीचे पैसे कुठं धरले?”

आवाज इतका बारीक होता की मला आधी कळलंच नाही कोण बोललं. वर्गानं वळून पाहिलं. ती मुलगी मानही वर न करता, बोटानं पाटीवर रेघ ओढत होती.

कुणीच धरले नव्हते. मीही नाही. फळ्यावर बियाण्यापासून नळीपर्यंत सगळं होतं, फक्त रोप जमिनीत खोचणारे हात नव्हते.

मी विचारलं, “किती धरायचे?” हाही मला उत्तर माहीत नसलेला प्रश्न. तिनं सांगितलं, एकरी बारा हजार, उक्तं. तिच्या टोळीत आठ माणसं. एक एकर तीन दिवसांत उरकतो. मुलांनी भागाकार केला : आठ त्रिक चोवीस, बारा हजार भागिले चोवीस, पाचशे. माणसी दिवसाला पाचशे. शेतकऱ्याच्या एका पोरानं पटकन म्हटलं, “भारीय की!” तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की गाडीचे पैसे मुकादम त्यातूनच कापतो, आणि पाऊस आला तर दिवस बुडतो पण जेवण बुडत नाही.

मग एका मुलीनं विचारलं, “आठ जणात तू धरलीय का?”

नव्हती. ती रोपाच्या जुड्या वाफ्याच्या कडेनं पोचवते, धाकट्या भावाला सांभाळते. मोजत नाहीत. तिला अर्धी धरायची की पुरी की नाहीच, यावर वर्गात जी चर्चा झाली ती मी अडवली नाही. तिसरीतला एक म्हणाला, तो पण घरी जुड्या देतो, मग त्यालाही धरा. दुसरा म्हणाला, घरच्याचे पैसे नसतात. का नसतात? वेळ संपली. माझं उत्तर द्यायचं राहिलं, आणि माझ्याकडे ते होतं असंही नाही. मुलं शेतात काम करतात हे कानावर आलेली शिक्षिका म्हणून मी काय करायला हवं होतं, हा वेगळा प्रश्न. मुलगी शाळेत बसली आहे तेवढा वेळ ती वाफ्यावर नाही, इतकंच मी त्या दिवशी धरून ठेवलं.

आईला फोन

८ डिसेंबरला, शुक्रवारी, निर्यातबंदी आली. त्या दिवशी लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग अडवला गेला. शनिवारी सकाळच्या शाळेला मुलं आली ती प्रश्न घेऊनच. बंदी का घातली? मी सांगितलं, शहरात कांदा महाग होऊ नये म्हणून.

“किती महाग?”

माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, “मॅडम, तुमच्या आईला विचारा. त्या विकत घेतात ना.”

फोन स्पीकरवर लावला. आई म्हणाली, “अगो, पन्नास-पंचावन्न किलो.” मुलांनी लगेच क्विंटल केले : पाच हजार पाचशे. आणि इथे बंदीच्या आधीसुद्धा चार हजारांच्या आतच होता. मधले कुठं गेले? गाडी, गोणी, सड, दलाल, रत्नागिरीचा दुकानदार, अशी साखळी फळ्यावर आली. आईला वाटलं पोरं हिशोब शिकताहेत, म्हणून ती आपुलकीनं म्हणाली, “आता स्वस्त होईल म्हणतात. झाला तर बरंच की रे.”

वर्ग एकदम गार. मग फोनजवळच्या मुलानं विचारलं, “आजी, मंग आम्ही काय करायचं?”

आई गप्प झाली. नेटवर्क गेलं असं वाटलं, पण नव्हतं गेलं. थोड्या वेळानं म्हणाली, “बाळा, हे मला नव्हतं सुचलं.” नंतर तिनं मला रात्री पुन्हा फोन करून विचारलं, त्या मुलाच्या घरी किती कांदा आहे.

दोन आठवड्यांत भाव जवळपास निम्म्यावर आला. मुलांनी भिंतीवरच्या कापलेल्या चौकोनांवरून रोजचा आकडा ठिपक्यांनी मांडला. आलेख हा शब्द मी नंतर सांगितला. कांदा जातो कुठे, म्हणून नकाशा काढला : बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबई. दुबई ‘संयुक्त अरब अमिराती’त आहे हे वाचायला चौथीच्या सगळ्यांना जमलं, हा एक फायदा.

“परत कांदाच?”

जानेवारीत मी निबंध दिला : ‘मी कांदा बोलतोय’. चौथीतल्या एका मुलीनं सुस्कारा टाकला. “मॅडम, परत कांदाच? घरी कांदा, शाळेत कांदा.”

चपराक बसली. माझ्या हातात एक युक्ती लागली होती आणि मी ती पिळून काढत होते. २०१५ च्या सुमाराला राज्यभरात ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून शिकतं या विचाराची, लाट आली होती, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे शाळांचा गट) पाहून शाळाशाळांतून मुलांनी बसून शिकायच्या फरश्या रंगल्या. कित्येक ठिकाणी फरशी राहिली, मुलांचं त्यावर बसणं थांबलं. माझ्या भिंतीवरच्या कांद्याचंही तेच होऊ घातलं होतं. मुलं ऑगस्टमध्ये बोलली होती ती कांद्यामुळे नव्हे. मला माहीत नसलेलं मी विचारलं होतं, म्हणून. आता मला कांदा बऱ्यापैकी कळायला लागला होता, आणि माझे प्रश्न पुन्हा ‘पि…?’ व्हायला लागले होते.

मी विचारलं, मग काय हवंय? समुद्र, म्हणाली मुलं. मॅडमच्या गावाला समुद्र आहे आणि मॅडमनं कधी सांगितलाच नाही. एकोणीसपैकी एकानंही तो पाहिलेला नव्हता.

शाळेत पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आहे. तिला कुलूप असतं, कारण साठा नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाची नोंद असते, आणि पुस्तक हरवलं तर पडताळणीत उत्तर शिक्षकाला द्यावं लागतं. त्यामुळे पुस्तकं कोरी करकरीत राहतात आणि मुलंही. ती पेटी उघडली. ‘किशोर’चे जुने अंक, चित्रांची पुस्तकं, मासे, देवमासा, होड्या, भुतांच्या गोष्टी. खिचडी झाल्यावर दहा मिनिटं मी मोठ्यानं वाचायचं, पुस्तक मिटताना प्रश्न विचारायचा नाही. तात्पर्य नाही, बोध नाही. घरी न्यायचं तर वहीत स्वतःच्या अक्षरात नाव लिहून न्यायचं, एवढा एकच नियम. सही करायला मिळते म्हणून काही जण पुस्तक न्यायचे, हे मला ठाऊक आहे. नेईनात का.

सुरगाण्याकडची मुलगी एकाच पुस्तकाला चिकटली. समुद्राचं, मोठी चित्रं, पानावर दोन-तीन ओळी. ओळी तिला पुऱ्या वाचता येत नव्हत्या. ती चित्रावर बोट ठेवून तिच्या बोलीत काहीतरी सांगायची आणि खडूच्या खोक्यावाला मुलगा शेजारी बसून खालच्या ओळी वाचायचा, अडखळत. तो तिच्यापेक्षा वाचनात पुढे होता. वर्गात कुणाहून तरी पुढे असणं त्याला नवीन होतं.

एक दिवस तिनं मला विचारलं, “ते पाणी कोणाचं आहे?”

समुद्राच्या काठावर वाढून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी म्हटलं, उद्या सांगते. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत देशाची हद्द असते, एवढं शोधून आणलं आणि सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. तिला देश नको होता, माणूस हवा होता : मळा जसा कुणाचा तरी असतो तसा.

हाती काय आलं

एप्रिलच्या संकलित चाचणीत चौथीचे गुण पायाभूत चाचणीपेक्षा वाढले, पण दर वर्षीच थोडे वाढतात, त्यामुळे त्यावर मी काही बांधणार नाही. तोंडी गणितात फरक उघड दिसला. लेखी उदाहरणात, विशेषतः भाषेत गुंडाळलेल्या उदाहरणात, कमी. तिसरीच्या मुलांकडे माझं दुर्लक्ष झालं. चौथीच्या गप्पांत ती प्रेक्षक होऊन बसली, दोघांचं वाचन जूनमध्ये होतं तिथेच राहिलं आणि मला ते मार्चमध्ये दिसलं. इंग्रजीच्या तासाला वर्ग अजूनही गप्प असतो. तिथे माझ्याकडे खरा प्रश्न अजून आलेला नाही.

ध्वनिमुद्रण मी पुन्हा एकदा केलं, फेब्रुवारीत. त्यात माझा आवाज निम्म्याहून कमी आहे. आणि गोंगाट आहे, बराच. शेरेबहीत त्यानंतर शिस्तीबद्दल काही लिहिलं गेलं नाही.

त्या ध्वनिमुद्रणात सुरगाण्याच्या मुलीचा आवाज नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाचं काम शिक्षकांना लागलं. मी मोबाइल घेऊन घरोघरी फिरत होते, मोठे सर एकटे चार वर्ग सांभाळत होते. त्याच आठवड्यात लागवड संपली आणि टोळी गेली. हमी कार्डावर नोंद मोठ्या सरांनी करून दिली, मराठी वाचनापुढे त्यांनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मी परत आले तेव्हा पुस्तकांच्या वहीत शेवटची ओळ तिची होती. नाव अर्धं, आडनाव नाही, शेवटचं अक्षर उलटं. पुढे तारीख आणि समुद्राच्या पुस्तकाचा क्रमांक. ‘परत’ या रकान्यात काही नव्हतं.

मार्चमध्ये साठा पडताळणी झाली. मोठ्या सरांनी पेन पुढे केला आणि म्हणाले, “हरवलं लिहा, किंमत भरून टाकू. चाळीस रुपयांचं तर आहे.” मी चाळीस रुपये भरले. शेऱ्याच्या रकान्यात ‘वाचनास दिले’ असं लिहिलं.